क्वार्टरबॅकचा पहिला नंबर कोणाला?

दोस्तांनो, अमेरिकेत कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात आणि गप्पा काही केल्या रंगत नसल्या, तर एक हमखास उपाय सांगतो. चहाचा कप खाली ठेवायचा आणि अगदी साळसूदपणे विचारायचं, "काय हो, सगळ्यांत मोठा क्वार्टरबॅक कोण?"

बस्स! मग पुढचे दोन तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. बॉस्टनकडचे काका म्हणतील, "टॉम ब्रेडी! यात विचारायचं काय?" सॅन फ्रान्सिस्कोचे आजोबा म्हणतील, "छे, जो मोंटाना!" मायामीच्या मावशी डॅन मरिनोचं नाव घेतील, इंडियानापोलिसचा दादा पेटन मॅनिंगचं. आणि कॅन्सस सिटीतली तुमच्याच वयाची एखादी मुलगी सगळ्यांना गप्प करून म्हणेल, "पॅट्रिक महोम्स!" आपल्याकडे गावसकर थोर की तेंडुलकर यावर कट्ट्यावर जसं जुंपतं ना, अगदी तसंच.

हे भांडण वरवर पाहिलं तर नुसती मौज आहे. पण नीट लक्ष दिलं, तर त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे : माणसाचं काम मोजायचं कसं? आपण सगळेच नंबरांच्या जगात राहतो. पहिला कोण, दुसरा कोण, किती टक्के, कितवी तुकडी! तेव्हा हा प्रश्न नीट समजून घेतला, तर तो फुटबॉलच्या मैदानाबाहेरही उपयोगी पडेल. आई-बाबांनीही वाचायला हरकत नाही!

क्वार्टरबॅक म्हणजे काय रे भाऊ?

आधी खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळा हातात असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. मैदान शंभर यार्ड लांब. चेंडू ज्यांच्याकडे असेल, त्या संघाला चार संधी मिळतात. त्या चार संधींत दहा यार्ड पुढे सरकलं की पुन्हा नव्या चार संधी. असं करत करत समोरच्याच्या हद्दीच्या टोकापलीकडे चेंडू नेला, की 'टचडाऊन'. त्याचे गुण सहा.

क्वार्टरबॅक हा या सगळ्याचा सूत्रधार. प्रत्येक संधी सुरू होताना चेंडू त्याच्या हातात येतो. मग तो पळणाऱ्या साथीदाराकडे द्यायचा, स्वतःच घेऊन पळायचं, की लांब पळत गेलेल्या साथीदाराकडे हवेतून फेकायचा, हे त्याला ठरवावं लागतं. विचार करायला वेळ किती? जेमतेम अडीच-तीन सेकंद! आणि तेवढ्यात समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत येत असतात. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात एक छोटा रेडिओ बसवतात. प्रशिक्षक त्यातून डावपेच सांगतो. पण खेळ सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले, की तो आवाज बंद. पुढचं सगळं ज्याचं त्याने!

एवढी जबाबदारी एका माणसावर असली, की जिंकल्यावर त्याला खांद्यावर घेतात आणि हरल्यावर त्याच्याच नावाने बोटं मोडतात. म्हणूनच 'मोठा कोण' हे भांडण नेहमी क्वार्टरबॅकवरून होतं.

पहिला पक्ष : अंगठ्या मोजा!

अमेरिकेत एनएफएल नावाची व्यावसायिक संघांची मोठी स्पर्धा आहे. तिचा शेवटचा सामना म्हणजे 'सुपर बोल'. तो जिंकणाऱ्या खेळाडूंना जाडजूड, खड्यांनी मढवलेली अंगठी मिळते. त्यामुळे वाद घालणाऱ्यांचा पहिला पक्ष म्हणतो, "उगाच डोकं कशाला शिणवता? अंगठ्या मोजा. ज्याच्या जास्त, तो मोठा."

या हिशोबाने टॉम ब्रेडीचा नंबर पहिला. २००० साली संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा ब्रेडीचा क्रमांक लागला तब्बल १९९ वा! त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. चाळीस यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. या खेळात एवढा वेळ म्हणजे बैलगाडीच! पण हाच ब्रेडी तेवीस हंगाम खेळला, दहा वेळा सुपर बोलपर्यंत पोचला आणि सात वेळा जिंकला. शेवटची अंगठी त्याने २०२१ च्या फेब्रुवारीत मिळवली, तेव्हा त्याचं वय होतं ४३.

मोंटानाच्या अंगठ्या चार. महोम्सच्या २०२० ते २०२४ या काळात तीन. मॅनिंगच्या दोन. आणि डॅन मरिनो? शून्य! सतरा हंगाम खेळून, त्या काळचे जवळजवळ सगळे विक्रम मोडूनही एकही नाही. तो एकदाच सुपर बोलमध्ये पोचला, १९८५ च्या जानेवारीत. समोर होता मोंटानाचा संघ. सामना ३८-१६ असा हरला. तेव्हा तो अवघ्या दुसऱ्या हंगामात होता. सगळ्यांना वाटलं, पोरगा परत येईल. तो पुन्हा कधीच तिथवर पोचला नाही.

मग मरिनो लहान ठरतो का? जरा थांबा. आता पेटन मॅनिंगची गंमत ऐका.

२०१३ च्या हंगामात मॅनिंगने ५५ टचडाऊन पास फेकले आणि ५४७७ यार्ड मिळवले. असा हंगाम त्याआधी कुणी पाहिला नव्हता. आणि सुपर बोलमध्ये काय झालं? त्याचा संघ ४३-८ असा सपाटून हरला. दोन वर्षांनी, २०१५ च्या हंगामात, तोच मॅनिंग थकला होता, दुखापतींनी बेजार होता. त्या हंगामात त्याचे टचडाऊन नऊ आणि समोरच्या संघाने मध्येच पळवलेले पास सतरा! अशा पळवलेल्या पासला 'इंटरसेप्शन' म्हणतात. तरीही २०१६ च्या फेब्रुवारीत त्याच्या संघाने सुपर बोल जिंकला, २४-१० असा. मॅनिंगने त्या सामन्यात एकही टचडाऊन पास दिला नाही. सामना जिंकला तो संघाच्या बचाव फळीने.

म्हणजे बघा हं, माणूस तोच. सर्वांत चांगल्या हंगामात अंगठी नाही आणि सर्वांत वाईट हंगामात अंगठी आहे! अंगठी खोटी नव्हे. पण ती संघाची असते, हे विसरून कसं चालेल?

दुसरा पक्ष : गणित करा!

दुसरा पक्ष आकडेवाल्यांचा. ते म्हणतात, "संघ बाजूला ठेवा. क्वार्टरबॅकने स्वतः काय केलं ते मोजा."

पण कसं मोजायचं? एनएफएलने १९३२ पासून पास फेकणाऱ्यांची क्रमवारी लावली, पण कसोटी सारखी बदलत राहिली. कधी एकूण यार्ड, कधी अचूकतेची टक्केवारी, कधी आणखी काही. शेवटी ओहायो राज्यातल्या कॅन्टन गावी असलेल्या फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम' या संग्रहालयातले डॉन स्मिथ आणि त्यांच्या समितीने एक सूत्र तयार केलं. १९७३ पासून ते लागू झालं. त्याला 'पासर रेटिंग' म्हणतात. घ्या वही-पेन्सिल! हे गणित तुम्हाला सहज जमेल.

समजा, परीक्षेत चार विषय आहेत.

पहिला विषय अचूकता. फेकलेल्या पासांपैकी किती झेलले गेले? त्या अपूर्णांकातून ०.३ वजा करा आणि ५ ने गुणा.

दुसरा विषय अंतर. एका फेकीमागे सरासरी किती यार्ड? त्यातून ३ वजा करा आणि ०.२५ ने गुणा.

तिसरा विषय टचडाऊन. टचडाऊन भागिले एकूण फेकी, गुणिले २०.

चौथा विषय चुका. इंटरसेप्शन भागिले एकूण फेकी, गुणिले २५. आलेलं उत्तर २.३७५ मधून वजा करा.

कुठल्याही विषयात २.३७५ पेक्षा जास्त गुण नाहीत आणि शून्यापेक्षा कमीही नाहीत. चारही विषयांची बेरीज करा, ६ ने भागा, १०० ने गुणा. झालं रेटिंग तयार!

आता खरं उदाहरण घेऊ. २००१ च्या जानेवारीत बाल्टिमोरच्या संघाने सुपर बोल जिंकला. त्यांचा क्वार्टरबॅक होता ट्रेंट डिल्फर. त्याने पास फेकले २५, झेलले गेले १२, यार्ड मिळाले १५३, टचडाऊन एक, इंटरसेप्शन नाही.

अचूकता : १२ भागिले २५ म्हणजे ०.४८. त्यातून ०.३ गेले, उरले ०.१८. गुणिले ५ म्हणजे ०.९.
अंतर : १५३ भागिले २५ म्हणजे ६.१२. त्यातून ३ गेले, उरले ३.१२. गुणिले ०.२५ म्हणजे ०.७८.
टचडाऊन : १ भागिले २५ गुणिले २० म्हणजे ०.८.
चुका : शून्य. म्हणून पूर्ण २.३७५.

बेरीज ४.८५५. सहाने भागून शंभराने गुणलं, की ८०.९. आलं ना?

या सूत्रात पैकीच्या पैकी गुण म्हणजे १५८.३. आता तुम्ही म्हणाल, हा काय विचित्र आकडा! सरळ शंभर का नाही? कारण समितीने त्याआधीच्या वर्षांची सरासरी कामगिरी पाहून प्रत्येक विषयात साधारण खेळाडूला एक गुण मिळेल अशी रचना केली. चार विषयांचे चार गुण म्हणजे रेटिंग ६६.७. चारही विषयांत २.३७५ मिळाले, तर बेरीज ९.५ आणि रेटिंग १५८.३.

आणखी एक गंमत. समजा, एखाद्या क्वार्टरबॅकने अख्खा सामनाभर प्रत्येक चेंडू मुद्दाम जमिनीवरच आपटला. एकही झेल नाही, एकही यार्ड नाही, टचडाऊन तर नाहीच. पण इंटरसेप्शनही नाही! मग त्याचं रेटिंग किती? शून्य? मुळीच नाही. चौथ्या विषयात त्याला पूर्ण २.३७५ मिळतात आणि रेटिंग येतं ३९.६! म्हणजे ज्याचं रेटिंग ३९.६ पेक्षा कमी आलं, त्याने सगळे चेंडू जमिनीवर आपटले असते, तर निदान कागदावर तरी तो जास्त चांगला दिसला असता!

हसलात ना? पण या हसण्यातच सूत्राची कमजोरी आहे. या परीक्षेत काही विषयच नाहीत. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पळाला, तर त्याचे गुण नाहीत. चेंडू हातात धरून उभा राहिला आणि समोरच्यांनी त्याला पाडलं, संघ दहा यार्ड मागे गेला, तरी रेटिंग जसंच्या तसं. उलट त्याने शहाणपणाने चेंडू रेषेबाहेर फेकून दिला, तर ती वाया गेलेली फेक म्हणून रेटिंग खाली! साथीदाराच्या हातात बरोबर दिलेला चेंडू त्याच्या हातून उडाला आणि समोरच्याने पकडला, तरी इंटरसेप्शन लिहिलं जातं क्वार्टरबॅकच्याच नावावर. म्हणजे शेजाऱ्याची चूक, आणि शिक्षा तुम्हाला.

तिसरा पक्ष : काळ पाहा!

तिसरा पक्ष आजोबांचा. ते म्हणतात, "आमच्या वेळचा खेळच वेगळा होता रे!" आणि इथे आजोबांचं म्हणणं खरं आहे.

न्यूयॉर्कच्या संघाचा जो नॅमथ घ्या. १९६७ साली त्याने १४ सामन्यांच्या हंगामात ४००७ यार्ड मिळवले. चार हजारांच्या पुढे जाणारा तो पहिला. १९६९ च्या जानेवारीत सुपर बोलच्या आधी त्याने छातीठोकपणे सांगितलं, की आम्हीच जिंकणार. त्याचा संघ अगदीच दुबळा समजला जात होता. तरी ते जिंकले, १६-७ असे! १९८५ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण त्याचं कारकिर्दीचं रेटिंग किती आहे? ६५.५! त्याचे टचडाऊन पास १७३ आणि इंटरसेप्शन २२०. आज एखाद्याचे असे आकडे आले, तर त्याला घरी बसवतील.

मग नॅमथ वाईट होता का? नाही. खेळाचे नियमच वेगळे होते. १९७८ साली एनएफएलने दोन मोठे बदल केले. एक, पास झेलायला पळणाऱ्या खेळाडूला सुरुवातीच्या पाच यार्डांनंतर अडवायचं, धक्के मारायचं नाही. दोन, क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून उघड्या तळव्यांनी समोरच्याला थोपवता येऊ लागलं. त्याच वर्षी हंगामातले सामने १४ वरून १६ झाले, आणि २०२१ पासून १७. म्हणजे पास फेकायला वेळ जास्त, झेलायला जागा जास्त आणि सामनेही जास्त!

आता मरिनोकडे परत या. १९८४ साली त्याने ५०८४ यार्ड मिळवले. पाच हजारांच्या पुढे जाणारा तो पहिला. त्यानंतर हा पराक्रम पुन्हा व्हायला २४ वर्षं लागली. २००८ साली ड्रू ब्रीजने तो केला. आणि २०११ साली? एकाच हंगामात तीन जणांनी पाच हजार ओलांडले! अचानक तिघेही मरिनोएवढे झाले का? की डोंगर तोच, पण वर जायला पायऱ्या बांधल्या गेल्या?

म्हणून शहाणे लोक एक युक्ती करतात. दोन काळांतल्या खेळाडूंना थेट शेजारी उभं करत नाहीत. आधी प्रत्येकाला त्याच्याच काळातल्या इतरांच्या शेजारी उभं करतात. तो बाकीच्यांपेक्षा किती पुढे होता, हे पाहतात. या पट्टीने मोजलं, तर जॉनी युनायटस फार उंच दिसू लागतो. त्याने १९५६ ते १९६० या काळात ओळीने ४७ सामन्यांत निदान एक तरी टचडाऊन पास दिला. हा विक्रम मोडायला २०१२ साल उजाडलं! पण त्याचं रेटिंग पाहिलंत तर फक्त ७८.२.

अंगठीवाल्यांनाही काळ चकवतो बरं का. क्लीव्हलंडचा ऑटो ग्रॅहम १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम खेळला. दहाही वेळा त्याचा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि सात वेळा जिंकला. दहापैकी सात! ब्रेडीचाही हिशोब दहापैकी सातच, पण त्याला तेवीस हंगाम लागले. मग ग्रॅहम मोठा? थांबा, दुसरी बाजूही पाहा. त्यातली पहिली चार विजेतेपदं एनएफएलची नव्हेत, तर एका वेगळ्या लीगची. तिच्यात सात-आठच संघ होते. १९५० साली ग्रॅहमचा संघ एनएफएलमध्ये आला, तेव्हा तिथे संघ होते १३. ब्रेडीच्या बहुतेक कारकिर्दीत ते ३२ होते. तेरा मुलांच्या वर्गात पहिलं येणं आणि बत्तीस मुलांच्या वर्गात पहिलं येणं यात फरक आहेच की!

चौथा पक्ष : कोणत्या वेळी?

आता एक मजेदार माणूस भेटवतो. त्याचं नाव व्हर्जिल कार्टर. हा स्वतः सिनसिनाटीच्या संघाचा क्वार्टरबॅक. सामने खेळता खेळता तो नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शिकत होता. तिथले प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल आणि तो, दोघांनी मिळून १९७१ साली एक शोधनिबंध लिहिला. त्यांनी हजारो डावांची नोंद घेतली आणि मैदानावरच्या प्रत्येक जागेची किंमत गुणांत काढली. समोरच्याच्या हद्दीजवळ चेंडू तुमच्याकडे असेल, तर ती जागा मोलाची. आणि स्वतःच्याच टोकाला अडकला असाल, तर तिची किंमत चक्क शून्याच्याही खाली!

यातून निघालेली कल्पना सोपी आहे. यार्ड नुसते मोजू नका, ते कधी मिळवले ते पाहा. शेवटची संधी आहे, दोन यार्ड हवेत आणि क्वार्टरबॅकने तीन मिळवले. शाबास! शेवटची संधी आहे, दहा यार्ड हवेत आणि त्याने आठ मिळवले. चेंडू गेला समोरच्याकडे! पण जुन्या हिशोबात आठ हे तीनपेक्षा मोठे.

संगणक आल्यावर हीच कल्पना फोफावली. २०११ साली ईएसपीएन या क्रीडावाहिनीने शून्य ते शंभर अशी एक नवी गुणपद्धत आणली. त्यात पळणं येतं, पाडलं जाणंही येतं, सामन्यातली वेळही येते. पण तिच्यात एक खोट आहे. तिचं संपूर्ण गणित बाहेरच्या कुणाला करून पाहता येत नाही. जुनं सूत्र अपुरं आहे, पण तुम्ही आत्ताच ते वहीत करून पाहिलंत आणि त्याच्या चुकाही पकडल्यात! ज्या परीक्षेची उत्तरपत्रिका बघायला मिळत नाही, तिच्या गुणांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? विचार करा.

ज्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही

आतापर्यंत आपण कोणाची तुलना केली? ज्यांना खेळायला मिळालं त्यांची. पण ज्यांना संधीच दिली नाही, त्यांचं काय?

अमेरिकेत कितीतरी वर्षं एक वाईट समज होता. कृष्णवर्णीय खेळाडू पळण्यात, झेलण्यात तरबेज असतात, पण क्वार्टरबॅकचं डोक्याचं काम त्यांना जमणार नाही, असं अनेक संघांचे लोक मानत. मग कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या मुलाला सांगत, "तू दुसऱ्या जागी खेळ."

१९६८ साली डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्को नावाचा एक नवखा खेळाडू होता. त्याला बचावासाठी घेतलं होतं. दुसऱ्यांच्या दुखापतींमुळे त्याला क्वार्टरबॅक म्हणून उतरवलं आणि त्याने १४ टचडाऊन पास दिले! पुढच्या वर्षी काय बक्षीस मिळालं? त्याला ती जागा दिलीच नाही. तो दुसऱ्या संघात गेला आणि पास झेलणारा खेळाडू झाला. तिथेही चमकला. १९७२ साली एकही सामना न हरलेल्या मायामीच्या प्रसिद्ध संघात तो होता. पण क्वार्टरबॅक म्हणून तो किती मोठा झाला असता? त्याचा आकडा कुठल्याच वहीत नाही.

वॉरन मूनची गोष्ट तशीच. १९७८ साली बारा फेऱ्या झाल्या, एनएफएलच्या एकाही संघाने त्याला निवडलं नाही. जागा बदलायची त्याची तयारी नव्हती. तो कॅनडात गेला. तिथे त्याच्या संघाने ओळीने पाच वर्षं विजेतेपद मिळवलं आणि त्याने स्वतः २१,२२८ यार्ड मिळवले. मग एनएफएलचे डोळे उघडले! १९८४ साली तो ह्यूस्टनकडून खेळू लागला, तेव्हा त्याचं वय होतं २७. तरी पुढे त्याने ४९,३२५ यार्ड मिळवले आणि २००६ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. एनएफएलच्या यादीत त्याची कॅनडातली सहा वर्षं मोजत नाहीत.

१९८८ च्या जानेवारीत डग विल्यम्सने वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल जिंकून दिला, ४२-१० असा. सामन्याच्या एका पावभागात, म्हणजे पंधरा मिनिटांच्या खेळात, त्याने चार टचडाऊन पास फेकले! सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत महोम्स आणि जेलन हर्ट्स समोरासमोर उभे राहिले, तेव्हा सुपर बोलमध्ये पहिल्यांदाच दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते. सामना ३८-३५ असा अटीतटीचा झाला. "यांना जमणार नाही" म्हणणाऱ्यांना याहून चांगलं उत्तर कोणतं?

म्हणून कुठलीही 'सर्वकाळच्या दहा सर्वोत्तमांची' यादी वाचताना लक्षात ठेवा, तिच्यात काही नावं नसतात. ती कमी पडली म्हणून नव्हे, तर त्यांना पेपरच दिला नाही म्हणून.

मग उत्तर काय?

तुम्ही म्हणाल, "एवढं पुराण सांगितलंत, आता नाव सांगा!" सांगतो. पण आधी तुम्ही प्रश्न नीट विचारा.

एकच सामना आहे आणि तो जिंकायचाच आहे, तर मी मोंटानाला घेईन. चार सुपर बोल, १२२ फेकी, ११ टचडाऊन पास आणि इंटरसेप्शन एकही नाही! सर्वांत जास्त विजय कोणाचे, असं विचाराल तर ब्रेडी. त्यात वादच नाही. आपल्या काळाच्या कितीतरी पुढे कोण होता, असं विचाराल तर १९८४ चा मरिनो. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. भांडणाऱ्या काका-आजोबांचं भांडण बहुतेक वेळा उत्तरावरून नसतंच. दोघांनी मनात दोन वेगळे प्रश्न धरलेले असतात!

तुमच्या वर्गात कधी असा वाद झाला, मग तो खेळाडूवरून असो, गायकावरून असो की प्रगतिपुस्तकावरून, तर आधी चार गोष्टी विचारा. नेमकं काय मोजतोय? त्यात दुसऱ्यांचा वाटा किती? सगळ्यांना सारखीच परिस्थिती होती का? आणि मोजायचं राहून काय गेलं?

आता या आठवड्याचं कोडं. २०१८ च्या फेब्रुवारीतला सुपर बोल. एका बाजूला ब्रेडी. त्याने ४८ पास फेकले, २८ झेलले गेले, ५०५ यार्ड, ३ टचडाऊन, इंटरसेप्शन शून्य. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियाचा निक फोल्स. हा तर राखीव खेळाडू! मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून खेळत होता. त्याचे ४३ पास, २८ झेल, ३७३ यार्ड, ३ टचडाऊन, १ इंटरसेप्शन. दोघांचं रेटिंग काढा.

उत्तर ताडून पाहा : ब्रेडी ११५.४, फोल्स १०६.१. आणि सामना कोण जिंकलं? फोल्सचा संघ, ४१-३३!

असं कसं झालं? एक धागा देतो. त्या सामन्यात दोन्ही संघांनी एकेकदा युक्ती केली. क्वार्टरबॅकनेच पळत जायचं आणि दुसऱ्याने त्याच्याकडे पास फेकायचा! ब्रेडीच्या हातून तो पास निसटला. फोल्सने मात्र झेलला आणि टचडाऊन केला. आता तुम्ही केलेलं गणित पुन्हा एकदा पाहा आणि सांगा, तो झेल त्यात कुठे आहे?